तीन, सहा, नऊ आणि मॅटिनी

टॉकीजच्या दिवसाला आपल्याकडे घड्याळाचीच नावं होती. तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. चौथ्या खेळाला मात्र स्वतःचं नाव होतं. तो अकराला सुरू होवो की बाराला, लोक त्याला मॅटिनीच म्हणत. "आज मॅटिनीला काय लागलंय?" हा प्रश्न वेळेचा नसे. विचारणाऱ्याला ठाऊक असे की तिथे जुनाच चित्रपट असणार, तिकीट कमी असणार आणि गर्दी वेगळी असणार. वेळ, दर आणि चित्रपटाचं वय या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावल्या होत्या.

छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. स्टेट, मोहन, अंजली, सादिया, अंबा-अप्सरा ही नावं घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. मी जुना सिनेमा शिकले तो आत्याच्या हाताला धरून, मॅटिनीला. ती सकाळीच स्वयंपाक उरकायची, डबे भरायची आणि मुलं शाळेतून यायच्या आत परतायची. तिच्या तरुणपणी लागलेले चित्रपट ती मला दाखवत होती, आणि कुठलं गाणं कुठे येणार हे आधीच कानात सांगत होती. त्या वेळी मला वाटायचं की जुने चित्रपट सकाळीच दाखवायचे असतात, जशी भूपाळी सकाळीच गायची असते. ही रीत आली कुठून, हा प्रश्न पडायला बरीच वर्षं जावी लागली.

शब्दापासून सुरुवात करू. मॅटिनी फ्रेंच. 'मातँ' म्हणजे सकाळ आणि 'मातिने' म्हणजे सकाळभराचा वेळ. आणखी मागे गेलं तर लॅटिनमध्ये पहाटेची देवी भेटते, मातुता. आपल्या उषेची ही रोमन बहीण. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या नाट्यगृहांत संध्याकाळच्या मुख्य प्रयोगाआधी, दिवसाउजेडी होणाऱ्या प्रयोगाला हा शब्द लागला. तिथल्या प्रतिष्ठितांचं मुख्य जेवण उशिरा व्हायचं आणि जेवणाआधीचा सगळा वेळ त्यांच्या लेखी सकाळच. म्हणून सकाळ असा अर्थ असलेला शब्द तिकडे दुपारच्या प्रयोगाला चिकटला. इंग्रजांबरोबर तो मुंबईत आला, नाटकातून सिनेमात गेला आणि महाराष्ट्रातल्या टॉकीजांनी त्याला दुपारवरून पुन्हा सकाळकडे ओढलं. तीनचा खेळ हा आपला पहिला नियमित खेळ ठरला, तेव्हा मॅटिनीला त्याच्याआधीची जागा मिळाली. हजारो कोस फिरून शब्द आपल्या मूळ अर्थाच्या जवळ आला.

पण सकाळी सिनेमा दाखवणं ही आपल्याकडे मुळात नवलाची गोष्ट होती. आपले सगळे जुने खेळ रात्रीचे. तमाशा रात्रीचा, दशावतार रात्रीचा, दिवटीच्या उजेडातला. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रं एक रुपया तिकिटात दाखवली गेली, तीही संध्याकाळपासूनच. पुढे गावोगावच्या जत्रांतून सिनेमा तंबूत शिरला आणि तंबूला तर अंधाराची वाट पाहणं भागच होतं. कापडाच्या भिंतींतून ऊन आत येतं आणि पडद्यावरचं चित्र पुसून जातं. सूर्य मावळल्याशिवाय टुरिंग टॉकीजचा पहिला खेळ सुरू होत नसे.

म्हणून मॅटिनीच्या जन्माची पहिली अट होती पक्की इमारत. जाड भिंती, दारांवर जड पडदे आणि भर दुपारीही मध्यरात्र करून दाखवणारा अंधार. दुसरी अट आवाजाने घातली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीला बोलपट दिला. आता प्रेक्षकांना ऐकूही यायला हवं होतं, त्यामुळे बंदिस्त सभागृहाला पर्याय उरला नाही. बोलणारा सिनेमा दाखवणारी जागा ती 'टॉकीज', हे नाव दारावर अभिमानाने चढलं. पुढे सगळाच सिनेमा बोलका झाला, वेगळं सांगण्याची गरज संपली, तरी टॉकीज हा शब्द आपण सोडला नाही. बोलपटाबरोबर गाणीही आली. चित्रपट अडीच-पावणेतीन तासांचा झाला. त्यात मध्यंतर आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीचा वेळ धरला की तीन तास होतात. तीन-सहा-नऊचं वेळापत्रक या हिशेबातून पक्कं झालं, आणि त्याच्या डोक्यावर सकाळ मोकळी राहिली.

मोकळ्या सकाळीत जुना चित्रपट का आला, याचं उत्तर पेटीत आहे. पेटी म्हणजे रिळांची पेटी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. अशी एकेक प्रिंट काढणं खर्चाचं काम होतं, त्यामुळे मोजक्याच प्रिंट निघत आणि त्या फिरत. आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला. धंद्याच्या भाषेत ए सेंटर, बी सेंटर, सी सेंटर. शेवटच्या गावाहून परतेपर्यंत चित्रपट जुना झालेला असे, पण प्रिंट जिवंत असे. अंगावर ओरखडे, दोन-चार ठिकाणी जोड, कुठे एखादा संवाद गिळलेला. वितरकाच्या गोदामात ती नुसती पडून राहण्यापेक्षा थोड्या भाड्यात कुणी नेली तर हवीच होती.

इकडे टॉकीजवाल्याचा हिशेबही तसाच होता. नवा चित्रपट 'रेग्युलर'ला, म्हणजे तीन-सहा-नऊला लागलेला असे आणि त्याच्या उत्पन्नात वितरकाचा वाटा मोठा. सकाळी मात्र इमारत तीच, ऑपरेटर तोच, डोअरकीपर तोच, खुर्च्या मात्र रिकाम्या. ठरावीक भाड्याने एखादा जुना चित्रपट आणायचा, तिकीट उतरवायचं आणि जे जमेल ते पदरात पाडायचं. जुन्या कलाकृतींचं जतन करावं असा विचार या व्यवहारात कुठेही नव्हता. रिकामी खुर्ची आणि पडून असलेली पेटी यांची गाठ पडली आणि त्यातून एक रीत जन्मली.

मराठवाड्यात या पेट्यांच्या वाटेला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे. हिंदी चित्रपटाच्या वितरकांनी देशाची जी वाटणी केली ती ब्रिटिशांच्या आणि संस्थानांच्या काळातल्या नकाशावर. विदर्भ 'सी.पी. बेरार'मध्ये पडला आणि मराठवाडा 'निजाम'मध्ये. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सरकारी नकाशा दोनदा बदलला, धंद्याचा नकाशा तसाच राहिला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे तेलंगणाबरोबर आणि गुलबर्गा-बिदर-रायचूरबरोबर एकाच 'निजाम टेरिटरी'त मोजले जात राहिले आणि तिचं वितरणाचं केंद्र हैदराबाद. राज्यकारभारासाठी आमचं तोंड मुंबईकडे वळलं होतं, पण सिनेमाच्या व्यापारात आम्ही हैदराबादचेच राहिलो. शहराच्या जिभेवर दखनी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदतात. 'पिच्चर' हा उच्चार मराठी घरांत आणि उर्दू घरांत सारखाच ऐकू येतो. मॅटिनीच्या अंधारात या दोन्ही घरांतली माणसं एकाच रांगेत बसत.

मॅटिनीचा प्रेक्षक कोण होता हे नीट पाहायला हवं, कारण या रीतीला बळ त्यानेच दिलं. घरातलं आवरून निघालेल्या बायका, ज्यांना नऊच्या खेळाला एकट्याने जाणं शक्य नव्हतं. कॉलेजचे तास चुकवलेली मुलं. मिलिंद महाविद्यालय १९५० चं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. मराठवाडाभरातून आलेले वसतिगृहातले विद्यार्थी या शहरात राहत होते आणि त्यांच्या खिशाला सकाळचाच दर परवडत होता. पुढे चिकलठाणा आणि वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तशी रात्रपाळी करून आलेल्या कामगारांची भर पडली. संध्याकाळ ज्यांच्या मालकीची नव्हती, त्या सगळ्यांसाठी मॅटिनी होती.

या प्रेक्षकाच्या जोरावर चित्रपटांना दुसरं आयुष्य मिळालं. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. त्यातली पहिली तीन वर्षं नियमित खेळांत आणि उरलेली मॅटिनीला. १९५७ चा 'मदर इंडिया' तर कुठे ना कुठे लागतच राहिला. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या घरात शिरेपर्यंत त्याचं वितरण थांबलं नव्हतं. आज एखादा चित्रपट 'क्लासिक' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो निर्णय समीक्षकांनी दिला असं वाटतं. तो निर्णय मोठ्या प्रमाणात मॅटिनीच्या तिकीट खिडकीवर झाला. वीस वर्षांनीही सकाळी अकराला लोक ज्याच्यासाठी उन्हातून चालत आले, तो टिकला. माझी आत्या त्या परीक्षक मंडळात होती. तिने कधी चित्रपटाविषयी एक ओळ लिहिली नाही, पण दरवेळी तिकीट काढून मत दिलं.

ही रीत मोडली ती एका घावाने नाही. आधी दूरदर्शनने रविवारचा चित्रपट घरात आणला, मग व्हिडिओ आला, मग केबल. जुना चित्रपट पाहण्यासाठी घराबाहेर पडण्याचं कारण आटत गेलं. शेवटचा घाव डिजिटल प्रक्षेपणाचा. पडद्यावर चित्र उपग्रहातून किंवा हार्ड डिस्कवरून येऊ लागलं, प्रिंट फिरणं बंद झालं. एक चित्रपट एकाच शुक्रवारी मुंबईत आणि आमच्याकडे लागू लागला, याचा आनंद मलाही झाला होता. पण फिरणारी पेटी थांबली आणि तिच्याबरोबर गोदामात उरणारा जुना चित्रपटही थांबला. मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा खेळ अजूनही सहसा स्वस्त असतो. मॅटिनीचा दर उरला आहे, मॅटिनीचं चित्र गेलं आहे.

मग आज जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर जायचं कुठे? मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात जा. १९५८ मध्ये उघडलेल्या या टॉकीजमध्ये ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम' झळकला होता. तिथे १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' साडेअकराच्या खेळाला वर्षानुवर्षं लागतो आहे. मॅटिनीची अस्सल वेळ, अस्सल दर आणि अस्सल प्रेक्षक एका जागी पाहायचे तर ते इथे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या प्रिंट तिथे जपल्या जातात आणि दाखवल्याही जातात. आणि आपल्याच शहरात दर वर्षाच्या सुरुवातीला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याचा जीवनगौरव पुरस्कार अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या नावाचा. २०२५ मध्ये तो सई परांजपे यांना मिळाला. त्या दिवसांत सकाळच्या खेळाला रांगेत उभी असलेली कॉलेजची मुलं पाहिली की मला ओळखीचं काहीतरी दिसतं.

अलीकडे जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाटही आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे दहा चित्रपट देशभरातल्या चाळीस शहरांत शंभर रुपये तिकिटात लागले. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हापेक्षा २०२४ मध्ये दुसऱ्यांदा लागल्यावर अधिक कमावून गेला. म्हणजे प्रेक्षक गेलेला नाही. पण हे सगळं सोहळ्यासारखं, निमित्ताने होतं. मॅटिनी निमित्त मागत नव्हती. कुणाची शताब्दी नसताना, कुठलाही वर्धापनदिन नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी ती जुना चित्रपट दाखवत होती.

या कुळकथेतून मला एवढंच दिसतं. जी गोष्ट व्यवहाराच्या ओघात आपोआप होत होती, ती आता कुणीतरी ठरवून करावी लागेल. शहरात पडदे आहेत, सकाळी रिकाम्या खुर्च्या आहेत, जीर्णोद्धार झालेले चित्रपटही आता उपलब्ध होऊ लागले आहेत. रिकामी खुर्ची आणि पेटी यांची गाठ पूर्वी धंद्याने घातली होती. आता ती एखाद्या टॉकीजमालकाने, एखाद्या कॉलेजने, एखाद्या फिल्म सोसायटीने घालायला हवी. आठवड्यातून एक दिवस, सकाळी अकरा वाजता, उतरलेल्या दरात.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला रात्रीचा खेळ झेपत नाही, मोबाइलवरचं चित्र तिला दिसत नाही. परवा तिने मला विचारलं, "सकाळचं काही लागलंय का गं कुठे?" तिला द्यायला माझ्याकडे टॉकीजचं नाव नव्हतं. ते असावं, म्हणून हे लिहिलं.