कॅमेरा प्रणाली

कॅमेरा प्रणाली म्हणजे एकमेकांना जोडता येतील अशा रीतीने रचलेले कॅमेरे, भिंगे, फ्लॅश व इतर पूरक साहित्य यांचा संच होय. ही संज्ञा मुख्यतः भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी वापरली जाते. कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस ज्या धातूच्या कड्यात भिंग फिरवून अडकवतात, त्या कड्याला माउंट म्हणतात. कोणत्या कॅमेऱ्यावर कोणते भिंग चालेल हे माउंटवरून ठरते; म्हणून प्रणालीची ओळख तिच्या माउंटवरून होते.

हौशी छायाचित्रकारांमध्ये प्रणालींची तुलना हा नेहमीच्या चर्चेचा विषय आहे. अशी तुलना बहुधा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेल संख्येवर किंवा कंपनीच्या नावावर होते. प्रत्यक्षात छायाचित्रावर आणि खर्चावर अधिक परिणाम करणारे घटक निराळे आहेत : माउंट, संवेदकाचा आकार, भिंगाच्या छिद्राचा व्यास, साहित्याचे वजन आणि ते जेथे वापरायचे तेथील हवामान. कॅमेरा काही वर्षांत जुना होतो. चांगले भिंग मात्र नीट जपल्यास अनेक दशके काम देते. त्यामुळे पहिला कॅमेरा घेताना होणारी निवड ही वस्तुतः पुढे घ्यावयाच्या भिंगांची निवड असते.

## माउंट आणि फ्लँज अंतर

माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा संवेदकापर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक प्रणालीत ते ठरलेले असते. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, भिंग व संवेदक यांच्यामध्ये हलणाऱ्या आरशासाठी जागा सोडावी लागते. म्हणून हे अंतर ४० मिलिमीटरहून अधिक असते. आरसाविरहित, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात ते २० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

| माउंट | आरंभ | फ्लँज अंतर (मि.मी.) | प्रकार |
|---|---|---|---|
| एम४२ (आट्यांचा) | १९४९ | ४५.४६ | आरशाचा |
| निकॉन एफ | १९५९ | ४६.५ | आरशाचा |
| पेंटॅक्स के | १९७५ | ४५.४६ | आरशाचा |
| कॅनन ईएफ | १९८७ | ४४ | आरशाचा |
| मायक्रो फोर थर्ड्स | २००८ | १९.२५ | आरसाविरहित |
| सोनी ई | २०१० | १८ | आरसाविरहित |
| फुजीफिल्म एक्स | २०१२ | १७.७ | आरसाविरहित |
| कॅनन आरएफ | २०१८ | २० | आरसाविरहित |
| निकॉन झेड | २०१८ | १६ | आरसाविरहित |

या आकड्यांतून एक व्यावहारिक नियम निघतो. जास्त फ्लँज अंतराचे भिंग कमी फ्लँज अंतराच्या कॅमेऱ्यावर मधे पोकळ कडे, म्हणजे अडॅप्टर, बसवून वापरता येते. उलट दिशेने हे जमत नाही. तसे केल्यास दूरच्या वस्तू स्पष्ट होत नाहीत. म्हणूनच आरशाच्या कॅमेऱ्यांची जुनी भिंगे आरसाविरहित कॅमेऱ्यांवर चालतात, परंतु आरसाविरहित कॅमेऱ्यांची भिंगे जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाहीत.

भिंग यांत्रिक दृष्ट्या बसले तरी त्याची स्वयंचलित फोकस यंत्रणा चालेलच असे नाही. कॅननची ईएफ भिंगे विजेवर चालणारी असल्याने अडॅप्टरद्वारे आरएफ कॅमेऱ्यांवर स्वयंचलित फोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी भिंगांमध्ये मात्र मोटर नसते. कॅमेऱ्यातील मोटर ती फिरवते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नसल्यामुळे झेड कॅमेऱ्यांवर या भिंगांचा फोकस हातानेच जुळवावा लागतो.

## ऐतिहासिक आढावा

जर्मनीतील लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरची चौकट लोकप्रिय झाली. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्याने भिंगे, प्रकाशमापक, मोटर इत्यादी साहित्याची विस्तृत प्रणाली व्यावसायिकांसमोर ठेवली. मिनोल्टाने १९८५ मध्ये कॅमेऱ्यातच स्वयंचलित फोकस यंत्रणा बसवलेली प्रणाली आणली. कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय २००६ मध्ये सोनीकडे गेला. २००८ मध्ये पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा पहिला आरसाविरहित कॅमेरा आणला. २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनी पूर्ण चौकटीच्या आरसाविरहित प्रणाली सुरू केल्या.

फिल्मच्या काळात कॅमेऱ्याचे आयुष्य मोठे असे, कारण चित्राचा दर्जा भिंग आणि फिल्म यांवर अवलंबून होता. नवी फिल्म जुन्या कॅमेऱ्यातही घालता येत असे. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदक कॅमेऱ्यातच पक्का बसवलेला असल्याने संवेदक मागे पडला की कॅमेराही मागे पडतो. प्रणालीतील टिकाऊ भाग म्हणून भिंगाचे महत्त्व यामुळे वाढले.

### महाराष्ट्रातील हौशी छायाचित्रण

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर रसायन चढवून छायाचित्र घेतले जाई व साहित्य वाहून नेण्यास मदतनीस लागत. त्यामुळे हा छंद सधन व सुशिक्षित वर्गापुरता मर्यादित राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कॅमेरे दुर्मीळ व महाग होते. मध्यमवर्गीय घरांत वडोदरा येथे तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा पुष्कळ आढळे. त्याचे भिंग बदलता येत नसे व एका रोलवर ६ × ६ सेंटिमीटरची बारा छायाचित्रे निघत. भिंगे बदलण्याची हौस असणाऱ्यांना सोव्हिएत झेनिट किंवा पूर्व जर्मन प्राक्टिका हे तुलनेने स्वस्त पर्याय होते. या दोहोंच्या अनेक नमुन्यांना एम४२ माउंट असल्यामुळे एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत असे. आज बहुतेक कंपन्यांचे माउंट स्वतंत्र असल्याने ही सोय राहिलेली नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार हे नव्या-जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदीसाठी व दुरुस्तीसाठी ओळखले जाणारे ठिकाण आहे.

## संवेदकाचा आकार

२४ × ३६ मिलिमीटरच्या संवेदकाला पूर्ण चौकट म्हणतात. एपीएस-सी संवेदक निकॉन, सोनी व फुजीफिल्म यांच्या कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर, तर कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटर असतो. मायक्रो फोर थर्ड्स संवेदक १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ पूर्ण चौकटीच्या सुमारे एकचतुर्थांश भरते.

लहान संवेदक भिंगाने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भागच टिपतो, म्हणून दृश्यकोन अरुंद होतो. पूर्ण चौकटीच्या तुलनेत हा फरक क्रॉप गुणकाने दाखवतात : निकॉन, सोनी व फुजीफिल्मच्या एपीएस-सीसाठी १.५, कॅननच्या एपीएस-सीसाठी १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्ससाठी २. म्हणजे ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर पूर्ण चौकटीवरील ६०० मिलिमीटर भिंगाएवढाच दृश्यकोन देते. भिंगाचे नाभीय अंतर मात्र बदलत नाही. ते ३०० मिलिमीटरच राहते.

## छिद्र आणि समान तुलना

भिंगावर लिहिलेला एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. दोन वेगळ्या आकारांच्या संवेदकांवरील भिंगांची तुलना केवळ एफ-अंकावरून केल्यास निष्कर्ष चुकतो. दृश्यकोन आणि शटरचा वेळ समान असेल, तर दूरच्या वस्तूकडून येणारा एकूण प्रकाश किती गोळा होईल हे छिद्राच्या व्यासावर अवलंबून असते. चित्रातील रवाळपणा मुख्यतः या एकूण प्रकाशावरून ठरतो.

सारखाच दृश्यकोन देणाऱ्या तीन भिंगांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल :

* ऑलिंपस ३०० मि.मी. एफ/४, मायक्रो फोर थर्ड्सवर : छिद्राचा व्यास ७५ मि.मी.; तिपाईचे कडे वगळून वजन सुमारे १,२७० ग्रॅम.
* सोनी २००–६०० मि.मी., पूर्ण चौकटीवर ६०० मि.मी., एफ/६.३ : व्यास सुमारे ९५ मि.मी.; वजन सुमारे २,११५ ग्रॅम.
* कॅनन आरएफ ६०० मि.मी. एफ/११, पूर्ण चौकटीवर : व्यास सुमारे ५४.५ मि.मी.; वजन सुमारे ९३० ग्रॅम.

प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यानुसार सोनीचे भिंग ऑलिंपसच्या सुमारे १.६ पट प्रकाश गोळा करते, तर कॅननचे ऑलिंपसच्या जेमतेम निम्मा. येथे लहान संवेदकाची एक प्रणाली पूर्ण चौकटीच्या एका भिंगापेक्षा सरस आणि दुसऱ्यापेक्षा कमी ठरते. "मोठा संवेदक नेहमी चांगला" किंवा "लहान प्रणाली नेहमी हलकी" ही दोन्ही विधाने म्हणूनच अपुरी आहेत. मोठ्या संवेदकाचा लाभ त्याला साजेशा मोठ्या छिद्राचे भिंग घेतल्यावरच पूर्णपणे मिळतो आणि असे भिंग जड व महाग असते.

## किनारपट्टीवरील वापर : पालघर जिल्हा

स्थानिक परिस्थिती प्रणालीच्या निवडीवर कसा परिणाम करते, हे पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या उदाहरणावरून दिसते. केळवे, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी व डहाणू या भागात हौशी छायाचित्रकारांचे विषय एकमेकांपासून भिन्न असतात : समुद्रपक्षी, मासेमारीच्या होड्या, किल्ले, सुरूची बने आणि वारली वस्त्यांमधील भित्तिचित्रे.

पक्षी. हिवाळ्यात कुरव, सुरय व चिखलातील पक्षी किनाऱ्यावर येतात. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि पक्षीही पाण्यालगत राहतात. त्यामुळे लांब पल्ल्याचे भिंग आवश्यक ठरते. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी समुद्राकडे तोंड केले असता सूर्य पाठीशी असतो व पक्ष्यांच्या पिसांचा तपशील मिळतो. दुपारी तापलेल्या वाळूवरील हवा थरथरते आणि कोणतेही लांब भिंग अस्पष्ट चित्र देते. अशा वेळी घेतलेल्या छायाचित्रांवरून भिंगाची प्रत ठरवणे योग्य नसते.

होड्या आणि माणसे. सातपाटीसारख्या बंदरात पहाटे मासळी उतरवली जाते तेव्हा उजेड कमी व हालचाल जलद असते. येथे ३५ किंवा ५० मिलिमीटरचे एफ/१.८ भिंग उपयुक्त ठरते. एफ/३.५ च्या तुलनेत ते जवळपास चौपट प्रकाश आत घेते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताची थरथर रोखते, परंतु माणसांची हालचाल गोठवू शकत नाही; त्यासाठी शटरचा वेळ कमी ठेवावा लागतो.

भित्तिचित्रे व किल्ले. झोपडीच्या आत जागा थोडी व प्रकाश अंधुक असतो. तेथे रुंद कोनाचे भिंग लागते; मात्र चित्राच्या सरळ रेषा वाकू नयेत म्हणून भिंतीला समांतर उभे राहणे आवश्यक असते. किल्ल्यांची चढण करणाऱ्यांसाठी साहित्याचे एकूण वजन हा निर्णायक घटक ठरतो.

तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून या किनाऱ्यावर कार्यरत आहे. अशा संवेदनशील प्रकल्पांच्या आवारात छायाचित्रणास मनाई असते. लांब पल्ल्याची भिंगे वापरणाऱ्यांनी तेथील सूचनाफलकांचे पालन करणे आवश्यक आहे.

### दमटपणा, क्षार व वाळू

कोकण किनाऱ्यावर भिंगांचा मुख्य शत्रू बुरशी हा आहे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांहून अधिक राहिल्यास भिंगाच्या काचांवर बुरशीचे तंतू वाढू शकतात, आणि पावसाळ्यात येथे आर्द्रता सातत्याने याहून जास्त असते. बुरशी आरंभी कुशल कारागिराकडून साफ करून घेता येते. ती जुनी झाल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो, छायाचित्रांचा उठाव कमी होतो आणि भिंगाची विक्रीकिंमतही घसरते.

भिंगे चामड्याच्या पिशवीत किंवा बंद कपाटात पावसाळाभर पडून राहणे सर्वांत घातक असते. हवाबंद डब्यात सिलिका जेल व आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखल्यास बुरशी टळते. सिलिका जेल ओलावा शोषून निकामी झाल्यावर तापवून पुन्हा वापरता येते. समुद्रावरून परतल्यावर कॅमेऱ्यावरील क्षार किंचित ओलसर फडक्याने पुसून तो लगेच कोरडा करावा लागतो. वाऱ्यात वाळूवर भिंग बदलणे टाळले जाते. आरसाविरहित कॅमेऱ्यात भिंग काढताच संवेदक उघडा पडतो. काही नमुन्यांत कॅमेरा बंद केल्यावर शटर त्यावर झाकण म्हणून येते.

## जुनी भिंगे आणि निवडीचे निकष

वापरलेले भिंग घेताना एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून आत बुरशी, धुके किंवा काचांचे थर सुटल्याच्या खुणा आहेत काय, हे पाहतात. छिद्राच्या पात्यांवर तेल नसणे, फोकसचे कडे अडखळत नसणे आणि आपल्या कॅमेऱ्यावर स्वयंचलित फोकस चालणे, याही गोष्टी तपासल्या जातात.

प्रणाली निवडताना सर्वसाधारणपणे पुढील क्रम उपयोगी पडतो : प्रथम छायाचित्रणाचा मुख्य विषय, मग त्यासाठी लागणारे भिंग, त्या भिंगाचे वजन व किंमत, त्या माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या इतर कंपन्यांची तसेच वापरलेली भिंगे मिळण्याची शक्यता, जवळच्या शहरातील दुरुस्तीची सोय, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली. कॅनन आरएफसाठी सिग्मा व टॅमरॉन यांची स्वयंचलित फोकसची एपीएस-सी भिंगे २०२४ मध्ये जाहीर झाली. माउंटच्या धोरणातील असे फरक ग्राहकाच्या पुढील खर्चावर थेट परिणाम करतात.