मुदतीआधी काम थांबले तर : प्रस्तावना

कंत्राटी कामगाराला काम थांबल्याचा निरोप बहुधा तोंडीच मिळतो. सुपरवायझर सांगतो, 'उद्यापासून येऊ नका, टेंडर रद्द झालंय.' कधी तेवढेही कोणी सांगत नाही. सकाळी गेटवर पास चालत नाही, तेव्हा कळते. झालेल्या दिवसांचा पगार कोण देणार, नोटीस मिळायला हवी होती का, इतक्या वर्षांच्या नोकरीचा हिशेब काय, या प्रश्नांचा शिस्तीने विचार करणारी कामगार कायद्याची शाखा हा या पुस्तकाचा विषय आहे. विद्यार्थी, युनियनचे कार्यकर्ते, मनुष्यबळ विभागातले अधिकारी आणि स्वतः कंत्राटावर राबणारे अशा सर्वांचे येथे मनापासून स्वागत. कायद्याच्या पदवीची अट नाही. हजेरीपत्रक आणि पगारचिठ्ठी बारकाईने वाचण्याची तयारी हवी.

या शाखेच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : काम अचानक थांबण्याची जोखीम कोणी सोसायची? ऑर्डर आटते, निविदा रद्द होते, प्रकल्पाचा निधी संपतो. यातले काहीच कामगाराच्या हातात नसते. तरी कायदा मध्ये पडला नाही, तर सगळा भार त्याच्यावरच येतो, कारण करार लिहिताना त्याचा शब्द चालत नाही. नोटीस आणि भरपाई हा त्या भारातला मालकाचा वाटा आहे. तो मेहेरबानीत मोडत नाही, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीचे प्रकरण आले. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे, तर एक महिन्याची लेखी, सकारण नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असा नियम झाला. सहा महिन्यांवरचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. समजा, एखाद्याची नोकरी तीन वर्षे सात महिने झाली. त्याची चार वर्षे धरून साठ दिवसांची भरपाई होते. नोटिशीचा पगार त्याहून वेगळा आणि कामाच्या दिवसांचा पगार त्याहूनही वेगळा. 'फुल अँड फायनल'च्या कागदावर या तिन्ही रकमा एका आकड्यात मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करता येणे, ही या अभ्यासाची पहिली पायरी.

पुढचा वाद मुदतीचा. करारातच शेवटची तारीख असेल, तर ती उलटल्यावर माणसाला कपात केली असे म्हणता येईल का? स्टेट बँक विरुद्ध सुंदर मणी या १९७६ च्या खटल्यात नेमणूकपत्रातच नऊ दिवसांची मुदत घातलेली होती. तुकड्यातुकड्यांनी केलेले काम मात्र २४० दिवसांवर गेले होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी, नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी ती कपातच, असा निर्वाळा दिला. १९८४ साली संसदेने कायदा बदलला : कराराचे नूतनीकरण न झाल्याने किंवा करारातल्या अटीनुसार नोकरी संपली, तर ती कपात नव्हे. एका ओळीच्या या दुरुस्तीने लाखो नेमणूकपत्रांची भाषा बदलली. पण २००३ च्या निलजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटेला कुंपण घातले. काम खरोखरच तात्पुरत्या योजनेचे होते, योजनेबरोबर नोकरी संपेल असा करार होता आणि ते कामगाराला सुरुवातीलाच सांगितले होते, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे.

महाराष्ट्राने या विचारात स्वतःची भर घातली आहे. १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्याने, कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पुण्याच्या पाचगाव पर्वतीवर आणि नगर जिल्ह्यात झाडे लावणारे, जगवणारे वनखात्याचे मजूर याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. पाच-सहा वर्षे राबवून घेतल्यावर हेतूचा वेगळा पुरावा कशाला हवा, हे त्या निकालाचे मर्म आहे.

मध्ये कंत्राटदार असला की प्रश्न दुहेरी होतो. त्याने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले. नोकरीचे मात्र तसे नाही. कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट केवळ देखावा होता हे सिद्ध करावे लागते, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००१ साली 'सेल'च्या खटल्यात सांगितले. म्हणून रजा कोण मंजूर करत होते, काम कोण नेमून देत होते, हजेरी कोणाच्या वहीत लागत होती, या साध्या तपशिलांना येथे मोल आहे.

'कामगार' या व्याख्येत न बसणाऱ्या सल्लागारांना आणि व्यवस्थापकांना १८७२ च्या करार कायद्याकडे जावे लागते. तेथे करारात नोटिशीचा काळ लिहिलेला असेल, तर भरपाईही साधारण तेवढ्याच पगाराची. सही करण्याआधी ते एक कलम वाचणे म्हणूनच मोलाचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. नोकरी संपल्यावर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करणे आणि निश्चित मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही त्यांतली दोन कलमे या विषयाला थेट भिडतात. त्याच संहितांनी मुदत संपल्याने होणारी समाप्ती कपातीबाहेरच ठेवली आहे. जुने निकाल नव्या कलमांना कितपत लागू होतील, हे येत्या काही वर्षांत ठरेल, आणि ते ठरवण्यात आजच्या वाचकांचा वाटा असेल.

पुढची प्रकरणे हक्कांच्या क्रमाने लावली आहेत : आधी मिळवलेला पगार, मग नोटीस, मग भरपाई, शेवटी पुन्हा कामावर येण्याचा हक्क. वाचताना शेजारी एखाद्या खऱ्या माणसाची कागदपत्रे असू द्यावीत आणि प्रत्येक प्रकरणानंतर त्याला कोणाकडून किती येणे आहे, ते मांडून पाहावे. हा हिशेब ज्याला दुसऱ्यासाठी करता येऊ लागला, त्याला हा विषय आला.