एकदांडी आणि माका : ओळख पटण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळी अशी रानडेझी उगवते, तोच माका ना? आम्ही त्याचं तेल करतो." तो माका नाही. ती एकदांडी. कुणी तिला दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. भृंगराज म्हणून काही ठिकाणी हीच दिली जाते, त्यामुळे घोटाळा फक्त त्या ताईंचा नाही. पण डोक्याला काय चोळतो हे माणसाला माहीत असावं.

माका आपल्या वैद्यकात भृंगराज म्हणून फार जुना. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरने, व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो आम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. माका त्यात मल्याळी नावाने आहे. आता गंमत बघा, त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचा दाखला आहे, कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत! शिवाय इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचाही आहे. गव्हर्नरसाहेबांकडे चित्रकार होते, पैसा होता. पण झाड 'हेच ते' हे सांगायला ते झाड हाताळलेली माणसं लागली. ज्ञानमीमांसा शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देत असे.

एकदांडीचं मूळ मात्र मेक्सिकोच्या बाजूला. लिनियसने १७५३ साली तिला 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स' म्हटलं आणि ठिकाण लिहिलं व्हेराक्रूझ. 'थ्रिडॅक्स' म्हणजे ग्रीकमध्ये सॅलडचा पाला, लेट्यूस. 'प्रोकम्बेन्स' म्हणजे जमिनीवर लोळणारी. मिरची, पेरू, अननस यांच्यासारखीच ही पाहुणी. चरक-सुश्रुतांनी ती पाहिलेली असणं शक्यच नाही. तिला भृंगराज म्हणणं म्हणजे बटाट्याला वैदिक कंद म्हणण्यासारखं आहे.

लिनियसची रीत मुळात ॲरिस्टॉटलची : आधी जात सांगा, मग भेद सांगा. आपल्या लोकांनी 'एकदांडी' या एका शब्दात भेदच सांगून टाकला. उंच, केसाळ, नागडी दांडी आणि तिच्या टोकाला एकच फूल. मला हे नाव लॅटिनपेक्षा सरस वाटतं.

फूल म्हटलं खरं, पण तो फुलांचा मेळावा असतो. एकदांडीत मध्ये पिवळ्या नळीसारख्या फुलांचा गठ्ठा आणि कडेला बहुधा पाचच फिकट पांढऱ्या 'पाकळ्या', प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. त्या पाकळ्याही एकेक फूलच. माक्याचं फूल लहान, मधलाही भाग पांढुरका, कडेच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पुष्कळ. एकदांडीचं पान जाड दातऱ्यांचं, खरखरीत. माक्याचं लांबट, भाल्यासारखं. बोटांत चुरडलंत की माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो. पिकल्यावर एकदांडीच्या बीला पिसांची छत्री असते, वाऱ्यावर उडते. माक्याच्या बीला ती नसते.

आपल्या भाईंदर पश्चिमेत जागाही वेगळ्या. मुर्धा, राईकडे पाणी साचतं अशा बांधांवर, गटाराच्या ओलीत माका शोधा. एकदांडी मुरमाच्या भरावावर, फरसबंदीच्या फटीत, इमारतीच्या कुंपणाशी.

खात्री करायची तर दोन्ही लावा. एकदांडीचं छत्री फुटलेलं बोंड आणा, बी रेताड मातीवर नुसतं भुरभुरवा, पुरू नका, कारण तिला रुजायला उजेड लागतो. ऊन भरपूर, पाणी बेताचं. माक्याच्या कुंडीखाली मात्र पाण्याची थाळी ठेवा. एकदांडीच्या फांद्या जमिनीला टेकल्या की पेरापेराला मुळं फुटतात, तेव्हा कुंडीबाहेर जाऊ देऊ नका. आणि नातवंडं अमेरिकेत असतील तर कौतुकाने बी पाठवू नका. तिथल्या सरकारने तिला घातक तणांच्या यादीत घातलं आहे.

आलेली रोपं पुढच्या वेळी घेऊन या, फुलासकट. नुसत्या पानावर मी निकाल देणार नाही.