कोथरूडची जोडकामे आणि वायुछिद्रांचा प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेकडील कोथरूड या गावी 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा उद्योग सुरू झाला आणि 1966 मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही वाहनसंशोधन संस्था लगतच्या वेताळ टेकडीवर उभी राहिली. इंजिनाची बैठक, इंधनटाकी किंवा धुराचा नळ यांचा सांधा सच्छिद्र निघाला तर तो गळतो वा कमकुवत ठरतो, म्हणून वेल्डिंगमधील वायुछिद्रांचा प्रश्न अशा उद्योगाला चुकत नाही. कामगार ज्यांना ‘ब्लो होल’ वा ‘पिन होल’ म्हणतात ती ही छिद्रे, वितळलेल्या पोलादातील वायू धातू गोठण्यापूर्वी बाहेर न पडल्यामुळे उरतात.

आरंभीच्या उघड्या, लेप नसलेल्या वेल्डिंगच्या सळईने केलेल्या सांध्यात हवेतला नायट्रोजन सहज शिरे. द्रव लोखंडात तो बराच विरघळतो आणि घन होताना फार थोडा मावतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी यांनी सळईवर लेप चढवला, त्यातून निघणारा वायू व मळी वितळलेल्या धातूला हवेपासून झाकू लागली. भारतात 1951 पासून अडवाणी-ओर्लिकॉन या कंपनीने वेल्डिंगच्या क्षेत्रात काम सुरू केले.

लेपाने मात्र नवे संकट आणले: तो ओल शोषतो आणि आर्कच्या, म्हणजे विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेत त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्यामुळे बेसिक, म्हणजे चुनखडी व फ्लोरस्पारयुक्त लेपाच्या सळया सुमारे 300 ते 350 अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून नंतर उबदार भट्टीत ठेवण्याची शिस्त रूढ झाली. पुण्याच्या पावसाळ्यात ती मोडली की परिणाम लगेच दिसतो. सळया उन्हात वाळवणे हा लहान कार्यशाळांतला सोपा उपाय बेसिक सळईला पुरत नाही.

पुढे 1950 नंतर कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातील वेल्डिंग आले. हा वायू आर्कमध्ये विघटित होऊन ऑक्सिजन देतो, म्हणून त्या ऑक्सिजनला बांधून ठेवण्यासाठी वेल्डिंगच्या तारेत सिलिकॉन व मँगनीज असावे लागते. उघड्या शेडमधला वारा किंवा कामगाराच्या सोयीसाठी लावलेला पंखाही हे आवरण उडवून लावतो. गंज, तेल, रंग आणि जस्ताचा मुलामा हे तर जुनेच शत्रू आहेत. छिद्रावर केवळ दुसरा थर चढवण्याची सवय सर्वांत घातक आहे, कारण अडकलेला वायू बहुधा त्या थरातूनही वर येतो; सदोष भाग तळापर्यंत घासून काढून, पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करून पुन्हा वेल्ड करणे हीच खरी दुरुस्ती होय.