संप आणि अहिंसा : गिरणगाव ते मराठवाडा

अहिंसेचे तत्त्व सांगणे सोपे आहे. ते व्यवहारात उतरवणे कठीण आहे. ज्या ठिकाणी दोघांचे हितसंबंध समोरासमोर येतात, त्या ठिकाणी या तत्त्वाची खरी कसोटी लागते. विसाव्या शतकात अशी कसोटी उद्योगक्षेत्रात वारंवार लागली. एका कारखान्यातील नव्हे, तर संपूर्ण उद्योगातील कामगार एकाच वेळी काम थांबवतात, तेव्हा शस्त्रावाचून चाललेला तो एक संघर्षच असतो. असा संघर्ष अहिंसक कधी ठरतो आणि नुसताच शस्त्रहीन कधी राहतो, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात बरेचसे सापडते.

मराठवाड्यालाही हा विषय परका नाही. निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली आणि शेतीवर जगणाऱ्या या भागात गिरणी कामगार हा नवा वर्ग निर्माण झाला. पुढे ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९३८ साली सत्याग्रहाचे नेतृत्व करणाऱ्या या पुरुषाने सामुदायिक लढ्याचे प्रारंभीचे धडे कामगार चळवळीत घेतले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

आरंभीचे पर्व

मुंबईत गिरणी कामगारांचा पहिला संघटित आवाज उठवला तो महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, ही त्यातील एक साधी मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. आज जिला सर्वजण हक्क समजतात, त्या रविवारच्या सुट्टीमागे सहा वर्षांचा धीर आहे.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. पगारवाढीची कोणतीही मागणी नसलेला हा संप होता. मात्र रस्त्यांवर दगडफेक झाली, सैन्याने गोळीबार केला आणि अनेकांचे प्राण गेले. त्यागाची तयारी होती. पण तिला वळण देणारी शिस्त अद्याप घडायची होती.

अहमदाबादचा आदर्श

ती शिस्त १९१८ साली अहमदाबादेत दिसली. प्लेगच्या साथीत कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणी मालकांनी दिलेला जादा भत्ता साथ ओसरल्यावर बंद करण्यात आला. महागाई मात्र वाढतच होती. मालकांचे अग्रणी होते शेठ अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. एका संपन्न जैन कुटुंबातील बंधू-भगिनी दोन विरुद्ध पक्षांत होते.

कामगार ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर ठाम होते. गांधीजींनी गिरण्यांचे वेतन आणि बाजारातील भाव यांचा अभ्यास केला आणि ३५ टक्के वाढ न्याय्य ठरते, असे सांगून कामगारांनाच मागणी खाली आणायला लावली. त्यानंतर चार अटी घातल्या : हिंसा करायची नाही, कामावर जाणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, भिक्षेवर अवलंबून राहायचे नाही, आणि संप कितीही लांबला तरी प्रामाणिक श्रमाची भाकरी खाऊन टिकून राहायचे. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होत. आश्रमाच्या बांधकामावर वाळू वाहण्याचे काम काही संपकऱ्यांना देण्यात आले.

दिवस लोटले तसा धीर सुटू लागला. मोटारीतून येणाऱ्या पुढाऱ्यांना उपाशी पोटाची काय कल्पना, असा बोल वस्तीतून आला. तो मनाला लागून गांधीजींनी १५ मार्चला उपोषण आरंभिले. १८ मार्चला तडजोड झाली आणि प्रश्न आनंदशंकर ध्रुव या लवादाकडे सोपविण्यात आला. पुढे त्यांनी ३५ टक्केच वाढ मंजूर केली. आपल्या उपोषणाचा मालकांच्या मनावर दबाव पडला आणि त्यामुळे या विजयात दोष राहिला, हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतः मान्य केले आहे. दबाव हाही हिंसेचा एक सूक्ष्म प्रकार असू शकतो, ही जाणीव अहिंसेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

१९२८ : सहा महिन्यांची तपश्चर्या

एप्रिल १९२८ अखेर मुंबईतील जवळजवळ सर्व गिरण्या थांबल्या. सुमारे दीड लाख कामगार घरी बसले. मालकांनी कमी माणसांत अधिक माग चालविण्याची पद्धत आणली होती, त्यातून वेतनकपात आणि बेकारी यांचे भय होते. नेमस्त ना. म. जोशी आणि साम्यवादी श्रीपाद अमृत डांगे यांच्या विचारांत मोठे अंतर होते. तरीही दोघे एका संयुक्त संप समितीत बसले आणि सतरा मागण्यांचा मसुदा तयार झाला. कित्येक कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी गेले, शेतात राबले आणि पुन्हा परतले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला. वादाचे मुद्दे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीकडे गेले. दोन्ही पक्षांनी आपले म्हणणे एका त्रयस्थापुढे मांडण्याचे मान्य केले, हेच या संपाचे मोठे फलित. त्याचा मोठा लाभ मात्र घेता आला नाही. मार्च १९२९ मध्ये प्रमुख पुढाऱ्यांना मीरत खटल्यात अटक झाली. त्यानंतर लगेच पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप निष्फळ ठरला आणि संघटना खचली. संपाचे बळ संख्येइतकेच योग्य वेळ ओळखण्यावर अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

संपाचा हक्क कायद्याने आकुंचित होऊ लागला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्याला विरोध केला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे रूप आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला त्यासाठी एक दिवसाचा संपही झाला.

१९८२ : बंद झालेली दारे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस आणि वेतनवाढीबरोबरच आणखी एक मूळ प्रश्न होता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच कापड उद्योगातील अधिकृत प्रतिनिधी संघटना होती आणि बहुसंख्य कामगारांचा विश्वास दुसऱ्याच नेत्यावर होता. ज्याच्यामागे कामगार, त्याच्याशी बोलणे कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. ज्याच्याशी बोलता येत होते, त्याच्यामागे कामगार नव्हते.

कामगारांच्या सहनशक्तीला सीमा नव्हती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांनी शहरातल्या आपल्या माणसांना महिनोन्महिने पोसले. घरातील भांडीकुंडी आणि दागिने विकले गेले. परंतु सरकार वाकले नाही, मालक थांबायला तयार होते आणि नेतृत्वाने माघारीचा मार्ग राखला नाही. अहमदाबादेतील लवाद, १९२८ मधील चौकशी समिती, असा दोघांनाही मान्य होणारा मध्यस्थ येथे उभा राहिला नाही. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणाही झाली नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक कामगारांचा रोजगार कायमचा गेला आणि पुढे गिरण्यांच्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या.

आपल्या परिसरात

मराठवाड्याने असा राज्यव्यापी संप अगदी जवळून पाहिला तो २०२१-२२ मध्ये. एस. टी. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, यासाठी कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस काम थांबविले. लातूर आणि नांदेडच्या आगारांतही गाड्या उभ्या राहिल्या. शासनाने नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात अडीच ते पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली, पण विलीनीकरण मान्य झाले नाही. उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीनुसार एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. या काळात कर्मचाऱ्यांच्या घरी पगार नव्हता. आणि खेड्यातून शिकायला येणारी मुले व दवाखान्यात येणारे वृद्ध यांनाही त्याची झळ बसली. संपाचा भार दोन पक्षांपुरता राहत नाही. ज्याचा त्या वादाशी संबंध नाही, त्याच्याही खांद्यावर तो येतो.

मोंढ्यात आणि आडत बाजारात पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. हमालांनी पाठीवरचे पोते खाली ठेवले की सौदा थांबतो आणि शेतकऱ्याचा माल उघड्यावर राहतो. हमाल-माथाडींसाठी १९६९ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेली संघटना होती. त्या कायद्यान्वये मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी एकाच मंडळावर बसतात. संघर्ष होण्यापूर्वीच संवादाची जागा निर्माण करण्याचा हा मार्ग आहे.

या साऱ्या इतिहासातून अहिंसक संपाची तीन लक्षणे स्पष्ट होतात. मागणी तपासून घेतलेली असावी. क्लेश आधी स्वतः सोसण्याची तयारी असावी. आणि समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा काही अंश असू शकतो, हे मान्य करून परतीचे दार उघडे ठेवावे. हे तिसरे लक्षण म्हणजे अनेकान्ताचीच दृष्टी होय. १९८२ च्या कामगारांच्या ठिकाणी त्याग उणा नव्हता. उणे होते ते हे दार. ते उघडे ठेवण्याची जबाबदारी संप करणाऱ्यावर जितकी आहे, तितकीच ज्याच्याकडे मागणी केली जाते त्याच्यावरही आहे.