पाण्यानें राखलेलीं गलबतें

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, ताम्रपट, बखरी आणि दप्तरें उभीं राहतात. पाण्याखालींहि इतिहासाचें एखादें दप्तर असूं शकेल, हें सहसा मनांत येत नाहीं. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि कॅनडा यांच्या सीमाप्रदेशांतील पांच महासरोवरांच्या तळाशीं असें एक दप्तर पडलेलें आहे. आणि तें उलगडण्याचें पुष्कळसें काम पदरमोड करून राबणाऱ्या स्वयंसेवकांनीं केलें आहे.

सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑंटेरिओ हीं तीं सरोवरें होत. त्यांचें एकंदर क्षेत्रफळ सुमारें २,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ चार पंचमांश आहे. एकोणिसाव्या शतकांत धान्य, लाकूड, कोळसा आणि लोखंडाचें खनिज यांची मोठी वाहतूक या जलमार्गानें होत असे. हेमंतांतील वादळें, धुकें, आगी आणि टकरी यांनीं हजारों जहाजें गिळलीं.

समुद्रांत बुडालेलें लाकूड पोखरणारा एक किडा खाऱ्या पाण्यांत असतो; उघड्या पडलेल्या लांकडी जहाजाचा तो लौकरच फडशा पाडतो. गोड्या पाण्यांत हा किडा नाहीं. शिवाय सरोवरांच्या खोल भागांतील पाणी बाराहि महिने अत्यंत थंड असतें. त्यामुळें शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं बुडालेल्या कांहीं गलबतांच्या डोलकाठ्या अद्यापि उभ्या आहेत.

शोधाचें काम पाण्यांत उतरण्याच्या पुष्कळ आधीं, घरांतल्या मेजावर सुरू होतें. हिंवाळ्यांत हे स्वयंसेवक जुनीं वर्तमानपत्रें, विम्याचे कागद, न्यायालयांतील जबान्या आणि दीपगृहांच्या रोजनिशा चाळीत बसतात. वारा कोणत्या दिशेचा होता, वांचलेल्या खलाशास किनारा किती दूर दिसला, फळ्या कोठें वाहून आल्या, अशा तुटक माहितीवरून जागेचा अंदाज बांधावयाचा. कोळ्यांचीं जाळीं वारंवार कोठें अडकतात, ही बातमीहि मोलाची. मग उन्हाळ्यांत, ध्वनिलहरींच्या साहाय्यानें तळाचें चित्र रेखाटणारें यंत्र होडीमागें ओढीत, शेतकरी नांगराचे तास घालतो त्याप्रमाणें, पाण्यावर येरझारा घालावयाच्या. 'पी हळद नि हो गोरी' असा हा व्यवहार नव्हे. 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' हीं दोन लढाऊ गलबतें ८ ऑगस्ट १८१३ रोजीं अचानक आलेल्या वादळांत ऑंटेरिओ सरोवरांत बुडालीं. एका कॅनेडियन दंतवैद्याच्या खटपटीनें १९७३ सालीं त्यांचा ठाव लागला, तेव्हां सुमारें ९० मीटर खोलीवर तीं दोन्ही सरळ उभीं होतीं, आणि तोफाहि त्यांवरच होत्या.

परंतु खरा प्रश्न येथून पुढेंच आहे. सांपडलेल्या गलबताचें करावयाचें काय?

'ॲल्विन क्लार्क' हें दोन डोलकाठ्यांचें मालवाहू गलबत १८६४ च्या जूनमध्यें मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे नांवाच्या उपसागरांत वावटळींत सांपडून बुडालें. १९६७ सालीं कोळ्यांचें अडकलेलें जाळें सोडवावयास उतरलेल्या फ्रँक हॉफमन या पाणबुड्यास तें सांपडलें. तें कोणतें, हें प्रथम कोणासच ठाऊक नव्हतें. हॉफमन आणि त्याचे सोबती यांनीं त्या काळोख्या, थंड पाण्यांत गाळ उपसला, गलबताखालून पोलादी दोर ओंवले आणि १९६९ सालीं तें वर उचललें. आंतील पाणी काढतांच तें तरंगूं लागलें! त्या मंडळींस झालेल्या आनंदाची कल्पना वाचकांनींच करावी.

मेनोमिनी गांवीं तें लोकांना पाहण्यासाठीं ठेवण्यांत आलें; आणि तेथेंच त्याच्या नाशास आरंभ झाला. पाण्यांत मुरलेलें लाकूड हवेंत आलें कीं सुकतें, आकसतें, तडकतें आणि कुजूं लागतें. तें टिकविण्यास रासायनिक द्रव्यें, बंदिस्त इमारत आणि वर्षानुवर्षें पुरेल इतका पैसा लागतो. १६२८ सालीं बुडालेली 'वासा' ही युद्धनौका १९६१ सालीं वर काढल्यावर स्वीडनच्या सरकारनें ती सर्व सोय केली. हॉफमनच्या पाठीशीं असें बळ नव्हतें. अखेर १९९४ सालीं उरलेला सांगाडा मोडून टाकण्यांत आला. पाण्यानें १०५ वर्षें राखलेलें गलबत हवेंत २५ वर्षांत नाहींसें झालें.

हॉफमनला दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. त्यानें गलबतावर प्रेमच केलें. पण तें प्रेम वस्तूच्या प्रकृतीस मानवलें नाहीं. या उदाहरणापासून बोध घेण्यासारखें पुष्कळ आहे. एके काळीं बुडालेल्या जहाजांवरील सुकाणूंचीं चक्रें आणि घंटा काढून घरीं नेणें हें पाणबुड्यांस भूषण वाटे. मिशिगन संस्थानानें १९८० सालीं कायदा करून अशा वस्तु परवान्यावांचून उचलण्यास मनाई केली. १९८१ सालीं कॅनडांत 'सेव्ह ऑंटेरिओ शिपरेक्स' ही स्वयंसेवकांची संस्था निघाली. होड्यांचे नांगर खालच्या फळ्यांत रुतूं नयेत म्हणून अशा जागीं होडी बांधण्याचे तरंगते पिंप ही संस्था बसविते. पाहावें, मोजावें, चित्रें घ्यावीं आणि वस्तु जागच्या जागीं सोडावी, असा आतां या क्षेत्रांतील शिष्टाचार आहे.

तथापि नुसतें सोडून देणेंहि आतां पुरेसें नाहीं. परदेशी जहाजांच्या पोटांतील पाण्याबरोबर आलेले बारीक शिंपले १९८८ सालापासून या सरोवरांत आढळूं लागले. सुपीरियर बहुतांशीं वांचलें आहे. पण इतर सरोवरांत ते गलबतांवर थरावर थर चढतात, कोरीव काम झांकून टाकतात आणि आपल्या भारानें फळ्या खिळखिळ्या करतात. म्हणून मोजमापें आणि चित्रें घेण्याची निकड वाढली आहे. जें गलबत वर आणतां येत नाहीं आणि खालींहि कायम राहणार नाहीं, त्याची नोंद तेवढी मागें उरेल. ती नोंद करण्यासाठीं आपला उन्हाळा आणि आपली शिल्लक खर्ची घालणारे हे लोक, आमच्या मतें, इतिहासकार या पदवीस सर्वथा पात्र आहेत.