बोटाची कवायत

आज लढाईचा नाही, आपल्या खिशातल्या काचेचा इतिहास.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर बरीच वर्षे आपल्या हाती बटणांचा फोन होता. बटण दाबलं की बोटाला कळायचं. काचेवर ते कळत नाही. म्हणून वयस्कर माणूस जोरात दाबतो, दाबून धरतो. फोन त्याला वेगळाच हुकूम समजतो, आणि आपण म्हणतो, ‘बिघडला वाटतं!’

2016 साली गरजेनं शिकवलं. सप्टेंबरात जिओ आलं, 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, 30 डिसेंबरला भीम अॅप आलं. भाजीवाल्या मावशी शेजारच्या गाडीवाल्याकडे पाहून शिकल्या. वर्ग कुणी भरवला नव्हता.

आम्हा पेन्शनरांची शाळा म्हणजे हयातीचा दाखला. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत रांग लागे. 10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, पण त्याला बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं. झिजलेल्या बोटांचा ठसा उमटेना. 2021च्या नोव्हेंबरपासून फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखून दाखला मिळू लागला. संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीचं नावच ‘स्पर्श’ आहे. पण दाखला वेळेत गेला नाही, तर पेन्शन थांबते. कुटुंब पेन्शनवर जगणाऱ्या वहिनींसाठी ती चूल थांबण्याची गोष्ट आहे.

मी महूत राहतो. इथे माजी सैनिकांच्या घरी एकच वाक्य ऐकतो : ‘द्या आजोबा, मी करून देतो.’ नातू दोन मिनिटांत काम उरकतो, आणि पुढच्या नोव्हेंबरात आजोबा जिथल्या तिथे.

फौजेत उस्ताद आधी नमुना दाखवतो, मग तीच हालचाल गिनतीनं, तुकड्यातुकड्यानं करून घेतो. रायफल मात्र जवानाच्याच हातात असते. फोनही तसाच शिकवा. फोन आजोबांच्या हातात, तुमचे हात पाठीमागे. एक पायरी, तीनदा. मग पुढची.

यात नुसती सोय नाही, सुरक्षा आहे. ज्याचं बोट दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतं, त्याला फोनवरचा ठगही चालवतो. ‘दाखल्यासाठी ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. आणि पक्कं ध्यानात ठेवा : यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

या रविवारी घरातल्या एका वडीलधाऱ्यांना एकच पायरी शिकवा. जय हिंद.